राखणीची बाटली

"काका, ज्या वाईनबरोबर काय खायचं ते आज ठरणार आहे, ती वाईन स्वयंपाक करणारीने आधी चाखायला नको का?"

प्रश्न विचारून झाला आणि ज्ञानेश्वरीने हातातलं घावण्यांचं ताट टेबलावर ठेवून दिलं. आवाज कापला नव्हता, याचा तिला फार अभिमान वाटला. शुक्रवारी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर आवळे खाताना मयेकरीण आणि बोरकरीण या वर्गातल्या दोघींनी तिला डिवचलं होतं. "तू वक्तृत्वाचा कप आणतेस तो परक्या परीक्षकांसमोर बोलून," मयेकरीण म्हणाली होती. "हे घरी आप्पांसमोर विचारून दाखव, मग मानू." "त्यात काय," असं ज्ञानेश्वरी म्हणाली होती. त्यात काय होतं ते तिला आत्ता कळत होतं.

टेबलाच्या टोकाला आप्पा बसले होते, तिचे आजोबा. या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या उजव्या हाताला बाबा. समोर विनीतकाका, बसायचं सोडून उभा, डाव्या हातावर पांढरा नॅपकीन टाकून. आणि स्वयंपाकघराच्या दारात आई, एक पाय आत, एक बाहेर. तिच्या खांद्यामागून डोकावणारी मृणालीकाकी, म्हणजे विनीतकाकाची बायको.

"चाखायला?" आप्पा म्हणाले. "पन्हं हाय काय ता?"

"मी माझ्यासाठी नाही विचारत, आप्पा. आईसाठी विचारते."

"ज्ञानू, घावणे गार होतायत," आई दारातून म्हणाली. म्हणजे गप्प बस.

बाबांनी एक घावणा उचलला आणि ते त्याच्या जाळीतून पलीकडचं काही दिसतंय का ते बघत बसले. बाबांची ही सवय ज्ञानेश्वरीला पाठ होती. घरात कुठलाही वाद उठला की बाबांना ताटातल्या वस्तूत फार रस निर्माण व्हायचा.

विनीतकाका हसला. पाहुण्यांसमोर हसायचं ते त्याचं बोटीवरचं हसू. "चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला, "पण टेस्टिंगला एक शिस्त असते, ज्ञानू. प्रत्येकाने आपापलं काम करायचं. वहिनींनी करायचं, आम्ही सांगायचं."

ज्ञानेश्वरीच्या कानशिलांत काहीतरी तापलं.

काका तिच्या जन्माआधीपासून क्रूझच्या बोटीवर होता. आधी उष्टी ताटं उचलायला, मग वाढायला, आणि गेली काही वर्षं गळ्यात चांदीची चपटी वाटी अडकवून लोकांना कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन घ्यावी ते सुचवायला. त्याला त्यातलं कळत होतं, यात वाद नव्हता. यंदा गणपतीला तो आला तो परत न जाण्याचं ठरवूनच. येताना त्याने स्पेनमधल्या तोरो नावाच्या भागातल्या लाल वाईनच्या तीन बाटल्या आणल्या. लेबलवर काळा बैल. मालगुंडच्या या घरात पर्यटक उतरतात, पुळ्याच्या देवळात जाऊन येतात, जेवतात आणि झोपतात, एवढंच किती दिवस चालायचं, असं त्याचं म्हणणं. रात्रीच्या जेवणाबरोबर वाईन ठेवू, परवान्याचं मी बघतो. पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीची माणसं शनिवारी जेवायला येणारसुद्धा होती.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग तो पुढचं वाक्य बोलला होता. "पण आपलं जेवण वाईनला बसत नाही. मासे, तिरफळं, कोकम, सगळंच आडवं येतं. गोव्याचा एक शेफ आहे माझ्या ओळखीचा. वहिनींनी नाश्ता बघावा."

नाश्ता. ज्या बाईच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला लोक मुंबईहून आधी फोन करून येतात, तिने पोहे आणि उपमा बघावा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भाकऱ्या कडेला जाड झाल्या होत्या, आणि आईच्या भाकऱ्या कधीच कडेला जाड होत नसत.

शेवटी आप्पांनी तोडगा काढला. रविवारी बसू, सुनेने करायचं, आम्ही वाईनबरोबर खाऊन बघायचं. जमलं तर चूल सुनेकडे, नाही जमलं तर गोव्याकडे.

तोडगा न्यायाचा वाटत होता. आई मात्र दोन दिवस राबली ती कशाच्या जोडीला, ते तिलाच माहीत नव्हतं. माप न घेता ब्लाउज शिवायला सांगायचा आणि मग अंगात बसला नाही म्हणून शिंपिणीला घालवून द्यायचं, तसला हा प्रकार होता. ज्ञानेश्वरीने हेच शाळेच्या पायऱ्यांवर हात हलवून हलवून सांगितलं, तेव्हा तर पैज लागली.

"आप्पा, तुम्ही सांगा," ती आता म्हणाली. "आईने एक घोट घेतला तर काय होईल?"

आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. ते रागावले नव्हते, हे जास्त वाईट होतं. ते समजावून सांगणार होते.

"बाय माझे, ऐक. सकाळी मी यातलं टोपणभर राखणदाराला दिलंय. उंडणीखाली. या जागेत बाटली फुटली की पयली त्याची. माझ्या बापाने ता पाळलान, मी पाळतो. आणि राखणीचा प्रसाद घरातल्या बाया खात नाय, पीत नाय. तुझी आजी नाय खायची. मग तुझी आय कशी पिणार?"

"बरोबर आहे," विनीतकाका म्हणाला.

त्याचं हे 'बरोबर आहे' ज्ञानेश्वरीच्या डोक्यात गेलं. हाच माणूस गणपतीत सांगत होता की राखणदार वगैरे सगळं झूट आहे, जगात कुठे कुठे काय काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही. आज मात्र राखणदार त्याच्या सोयीचा होता.

वर्षातून एकदा परसाच्या कोपऱ्यात त्या उंडणीच्या झाडाखाली, जागा राखणाऱ्या देवाला, राखण दिली जायची. कोंबडा पुरुषच कापायचे, पुरुषच शिजवायचे, तिथेच बसून खायचे. बायकांनी लांबून बघायचं. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तो मोडायची वेळही आली नव्हती. त्या बाटलीतलं आजवर कुणा बाईला हवंच नव्हतं, किंवा हवं असलं तरी तिने तसं सांगितलं नव्हतं.

"वाढ गो," आप्पा म्हणाले. विषय संपला होता.

काकाने तीन ग्लासांत वाईन ओतली. ग्लासही त्यानेच आणलेले, उंच दांड्याचे. ग्लास तिरका धरून रंग बघा, गोल फिरवा, नाक आत घाला, असं तो सांगत होता आणि आप्पा खरोखर नाक आत घालत होते. मग त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"घसा जाळत गेली रे."

"थोडी गरम आहे," काका म्हणाला. "पण रेड वाईन रूम टेंपरेचरलाच प्यायची असते."

"कुठल्या रूमच्या?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

बाबांना ठसका लागला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, पत्र्यावर ठेवलेली खोबऱ्याची वाटी दुपारपर्यंत तेल सोडत होती, आणि बाटली सकाळपासून त्याच पत्र्याखालच्या फळीवर उभी होती. काकाने तिच्याकडे बघितलं आणि नॅपकीन दुसऱ्या हातावर टाकला.

पहिलं आलं तिखलं. आईने स्वतः वाढलं. तिन्ही ताटांत एकेक बांगडा, लालभडक रस, त्यात तिरफळं. ज्ञानेश्वरीने मनातल्या मनात पाचही बोटं एकमेकांत अडकवली. आप्पांनी घास खाल्ला, वर घोट घेतला. बाबांनी घेतला. काकाने घेतला.

आप्पांनी जीभ टाळूला दोनदा लावून बघितली.

"लोखंड," बाबा हळूच म्हणाले. बोलून मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "म्हणजे, बांगडा चांगलाय. नंतर ती प्यायली की खिळा चोखल्यासारखं लागतं."

"हेच मी सांगत होतो," काका म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण माघारही नव्हती. "तेलकट मासा आणि इतकी दणकट रेड, हे होणारच. वहिनी, तुमचा दोष नाही. ही चवच वेगळी आहे."

"मला कसं कळणार भावजी, कशी आहे ती," आई म्हणाली. सरळ म्हणाली, टोमणा न मारता. मग तिने तिन्ही ताटं उचलली. आप्पांच्या ताटातला बांगडा अर्धाही संपला नव्हता. तिच्या आयुष्यात तिखल्याचं ताट असं परत आलं नव्हतं.

ज्ञानेश्वरी तिच्यामागून आत जाणार होती. दारापर्यंत गेली आणि थांबली. काय ते तिला कळेना, पण डोक्यात काहीतरी टकटक करत होतं. वक्तृत्वाच्या वेळी समोरच्याच्या भाषणात फट सापडली की असंच व्हायचं. ती वळली.

"आप्पा, राखणीचं उरलेलं आपण घरात आणतो का?"

"नाय."

"भांडी?"

"तिथेच घासायची. हातसुद्धा तिथेच धुवायचे, मग उंबरा चढायचा. तुला माहीत नाय काय?"

"माहीत आहे. म्हणून विचारते. मग ही बाटली घरात कशी?"

पंखा फिरत होता. आप्पांनी बाटलीकडे बघितलं. बाटलीवरच्या बैलाने त्यांच्याकडे बघितलं.

"सकाळी राखण दिलीत आणि बाटली काखेत घालून घरात आलात," ज्ञानेश्वरी म्हणाली. आता तिला कोणी थांबवू शकलं नसतं. "फळीवर ठेवलीत. टेबलावर आणलीत. प्रसाद असेल तर तो उंबऱ्याच्या आत यायलाच नको होता. आणि प्रसाद नसेल, तर आईला नाही का म्हणता? दोन्हीपैकी एकच खरं असणार ना?"

"ज्ञाने," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही घावणा बघा."

हे तिने बोलायला नको होतं. बाबांचा चेहरा पडला आणि तिलाही लगेच टोचलं. पण शब्द बाहेर पडले होते.

आप्पा मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. नियमाच्या बाबतीत आप्पा खोटे नव्हते, एवढं त्यांच्याबद्दल सगळं गाव सांगायचं. ते उठले. "उठा रे," ते म्हणाले. "पोरगी बरोबर बोलतेय. चूक माझी हाय. ग्लास घ्या, बाटली घ्या, चला उंडणीखाली."

"आप्पा, काय बोलताय?" काका म्हणाला. "बाहेर एवढं ऊन आहे. टेस्टिंग चाललंय."

"मग राखणदाराच्या बाटलीचं टेस्टिंग त्याच्यासमोर कर. चल."

आणि ते तिघे खरोखर गेले. आप्पा पुढे अनवाणी, मागे बाबा दोन ग्लास सांभाळत, सर्वांत मागे विनीतकाका बाटलीला मानेशी धरून, लाल होऊन. खिडकीतून बघताना काकीला हसू आवरेना. तिने तोंडावर ओढणी धरली.

आई हसत नव्हती. तिने गॅस बंद केला आणि ज्ञानेश्वरीकडे वळली.

"तुला मी सांगितलं होतं?"

"काय?"

"मला घोट हवाय म्हणून. माझ्या नावाने सगळ्यांसमोर मागितलंस. मला विचारलंस?"

ज्ञानेश्वरीला वाटलं होतं, आई निदान पाठीवरून हात फिरवेल.

"पण तुझी चूल जाईल ना."

"जाईल ती माझी जाईल. तिखलं परत आलं ते माझं आलं. त्यात तू आणखी मला भिकेला बसवलंस. सासऱ्यांच्या पुढ्यात, दारू द्या म्हणून."

"वाईन," काकी म्हणाली.

"तेच ते."

"नाही हो ताई, तेच ते कसं? तुम्ही बरोबर आहात, पोरीने विचारायला हवं होतं. पण आता बाटली गेलीच आहे बाहेर, तर एक बोलू?" काकी फ्रीजकडे गेली. सोलकढीच्या भांड्यामागून तिने एक बाटली काढली. बैलाची. "मला काय माहीत ते रूम आणि टेंपरेचर. दुसरी मी सकाळीच आत टाकली होती. ही काही राखणदाराने बघितलेली नाही."

तेवढ्यात पुरुष परत आले. हात आणि ग्लास धुतलेले, आप्पांच्या तळपायांना माती. पहिली बाटली उंडणीखालीच राहिली होती. विनीतकाकाने बायकोच्या हातातली बाटली बघितली आणि त्याचं बोटीवरचं हसू पार विरून गेलं.

"फ्रीजमध्ये? मृणाली, रेड वाईन फ्रीजमध्ये? मेली ती आता."

"उघडून तर बघ."

"कोणासाठी उघडू?"

"माझ्यासाठी," काकी म्हणाली.

ज्ञानेश्वरीने तिच्याकडे बघितलं. काकी या घरात कधी कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरुद्ध बोलायची नाही. नवरा वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ती घरात असायची ती उसन्या आणलेल्या भांड्यासारखी, जपून.

"तू?" काका म्हणाला.

"तू इतकी वर्षं जगभरच्या बायकांना ही ओतून देतोस. फोनवर सांगतोस, आज इटलीची म्हातारी होती, आज जर्मनीची नवरी होती, खूश झाली. मला एकदा तरी कळू दे, कशाने खूश झाल्या त्या."

"या घरात माड उतरवले," आप्पा म्हणाले, पण जरा अडखळत. "माझ्या बापाने, गंगारामने, माडी काढली. बाया नाय शिवल्या तिला."

"विकायला कोण बसायचं, आप्पा? आजेसासूबाई ना, सोनूबाई?" काकीने विचारलं. "आंबली की नाही ते गिऱ्हाइकाला सांगायला त्यांना कसं कळायचं? वासाने?"

आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांना स्वतःच्या आईचा हात आठवला असेल, मडक्यात बोट बुडवून ते जिभेवर ठेवणारा. ते खुर्चीत बसले. "ओत रे," ते म्हणाले. "ही काय राखणीची नाय."

काकीने घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बोंडू," ती म्हणाली. "काजूचं बोंडू खाल्लं की जीभ कशी धरते, तशी धरतेय. पण वाईट नाही. ताई, बघा तरी."

"मला नको," आई म्हणाली.

ज्ञानेश्वरीने ओठ घट्ट मिटले. एक शब्दही बोलायचा नाही, असं तिने ठरवलं आणि ते तिला आजवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा अवघड गेलं.

काकीने ग्लास टेबलावर ठेवला, आईच्या बाजूला, आणि मुकाट घावणे झाकायला लागली. आईने टेबल पुसलं. ग्लासाभोवतीने पुसलं. मग तिने ग्लास बाजूला करायला उचलला आणि नाकाशी येताच ती थांबली. एक वास घेतला, मग दुसरा. मग, कुणाकडे न बघता, एक छोटा घोट.

"भावजी, यात खोबरं घालतात काय?"

"काय?"

"भाजलेलं खोबरं. वाटपाला घेतो तसं. अजून थोडं परतलं तर करपेल, त्याच्या आधीचा वास."

काकाने तिच्या हातातून ग्लास घेतला. फिरवला. नाक आत घातलं, आणि या वेळी त्याने डोळे मिटले ते दाखवायला नाही.

"अमेरिकन ओक," तो हळू म्हणाला. "ही त्या लाकडाच्या पिंपात मुरवतात. आम्हाला शिकवलं होतं, त्याने व्हॅनिला येतो, नारळ येतो. मी प्रत्येक वेळी व्हॅनिलाच सांगत आलो." त्याने एक घोट घेतला. "आणि गार चांगली लागतेय," हे त्याने बायकोकडे न बघता म्हटलं.

आई तोवर आत गेली होती. ती आली ती रात्रीसाठी करून ठेवलेली काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन. भाजलेल्या वाटपातली, काळपट, दाट. कोकम नाही, तिरफळ नाही. "जीभ धरते म्हणजे आंबट नको तिच्याबरोबर," ती म्हणाली, अर्धं स्वतःशीच. "हे बघा चालतंय का. नाही चाललं तर मला ठाऊक नाही दुसरं."

आप्पांनी घावण्याचा तुकडा उसळीत बुडवून खाल्ला. घोट घेतला. मग दुसरा तुकडा. मग ताट जवळ ओढलं.

विनीतकाकाने खाल्लं, प्यायलं आणि तो चक्क खाली बसला. आज पहिल्यांदाच. उंच खांद्यांचा काका खुर्चीत बसल्यावर अगदी बाबांसारखा दिसला. "वहिनी," तो म्हणाला, "अजून थोडी आहे?"

ज्ञानेश्वरीने ग्लासकडे हात नेला. "मला फक्त वास," ती म्हणाली. आईने तिच्या हातावर चापटी मारली, पण वास घेऊ दिला. खोबरं होतं. खरंच होतं.

"गोव्याला फोन करून सांग, नको म्हणून," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

इथे हे सगळं संपायला हवं होतं. आईची चूल आईकडे राहिली होती. पण तासाभराने ज्ञानेश्वरी मागच्या पडवीत ग्लास विसळत होती, शेजारी आई भांडी घासत होती आणि बाबा फडक्याने ती पुसत होते, तेव्हा पुढच्या ओट्यावरून काकाचा आवाज आला. तो पुण्याशी बोलत होता.

"नाही, नाही, पूर्ण लोकल कन्सेप्ट आहे. काळा वाटाणा आणि तोरो. हो, माझीच आयडिया. ओकमधला नारळ आणि वाटपातला नारळ, असं पेअरिंग कुणी केलंच नाहीये. नाही हो, शेफ वगैरे नाही. आमच्या घरातल्या बायका आत बनवतात, मी टेबलावर प्रेझेंट करणार."

घरातल्या बायका आत. ज्ञानेश्वरीच्या हातातला ग्लास नळाच्या तोटीला लागला आणि किणकिणला.

"हळू," आई म्हणाली. "महागाचा आहे."

"ऐकलंस तू?"

"कान आहेत मला."

"राग नाही आला?"

आईने कढई पालथी घातली. "आला. मग काय करू? चूल राहिली ना माझ्याकडे. शनिवारी बाहेर येऊन मी काय बोलू पुण्याच्या माणसांशी? मला ते तोरो आणि ओक येत नाही बोलता. त्याला येतं. त्याचं तो बोलेल, माझं मी करीन."

"चाललंय ते बरं चाललंय," बाबा म्हणाले. "आता आणखी नको वाढवूस, ज्ञाने. आज पुष्कळ झालं तुझं."

तोंडाशी आलेलं वाक्य तयार होतं. आई, तू शनिवारी बाहेर येशील, सगळ्यांसमोर बसशील आणि स्वतः सांगशील. ज्ञानेश्वरीने ते गिळलं. ते तिचं नव्हतं, आईचं होतं, आणि आईने ते मागितलं नव्हतं. मग तिने स्वतःपुरतं काय उरतं ते शोधलं. थोडंसंच उरलं, पण उरलं. तिने नळ बंद केला. हात झग्याला पुसले.

"बाबा, मघाशी घावण्यावरून बोलले ते चुकलं माझं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांना वाटलं, संपलं.

"पण एक ठरवलंय. आईबद्दल नाही, माझ्याबद्दल. आई, तू आत राहा नाहीतर बाहेर ये, तुझं तू ठरव. दर वेळी पाहुणे आले की मी वाढते. या शनिवारी मी वाढणार नाही. मी पाहुण्यांबरोबर टेबलावर जेवायला बसणार आहे, काकाच्या बरोब्बर समोर. आणि त्यांनी विचारलं की हे कुणी केलं, कुणाला सुचलं, तर काकाने तोंड उघडायच्या आधी मी तुझं नाव सांगणार आहे. पूर्ण नाव. दर्शना अनिल शिवलकर."